दहा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये काय कळते आणि काय कळत नाही

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण आठ वर्षे एकच 150 सीसीची हलकी मोटारसायकल चालवत आहात आणि आता दोन मोठ्या गाड्यांपैकी एक निवडायची आहे. आपली उंची 163 सेंटीमीटर आहे. दोन्ही शोरूममध्ये ठरावीक रस्त्यावरून दहा मिनिटांची फेरी मिळाली, पुढे कर्मचाऱ्याची गाडी होती, दोन्ही गाड्या ‘छान वाटल्या’ आणि घरी आल्यावर कोणती का घ्यावी हे काही सांगता येईना. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळवल्याशिवाय इंजिन कसे कळणार, जास्त वेळ मागणे बरोबर दिसेल का, आणि खरेदीचे पक्के नसताना टेस्ट राइड मागणे म्हणजे समोरच्याची फसवणूक ठरते का.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, म्हणजे माझे म्हणणे किती घ्यायचे ते आपल्याला ठरवता येईल. अकरा वर्षे मी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो आणि त्यानंतर नऊ वर्षे एका शोरूममध्ये डेमो गाड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. गाडी बाहेर काढून देणे, माणूस परत आल्यावर त्याच्याशी बोलणे आणि पुढे सहा महिन्यांनी तोच माणूस सर्व्हिसिंगला आला की त्याच्या तक्रारी ऐकणे, असे हे काम होते. त्यातील शेवटचा भाग मला सर्वांत जास्त शिकवून गेला, कारण फेरीवरून परतल्यावर माणूस जे बोलतो आणि सहा महिन्यांनी जे बोलतो त्यांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध असतो.

परतल्यावर तो गाडीच्या ओढीबद्दल, आवाजाबद्दल आणि रुबाबाबद्दल बोलतो. सहा महिन्यांनी तो बोटांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल, सिग्नलला उजव्या पोटरीला बसणाऱ्या चटक्याबद्दल, पार्किंगमधून गाडी मागे ओढताना होणाऱ्या दमछाकीबद्दल आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. म्हणून मला वाटते, आपली खरी अडचण दहा मिनिटे कमी पडण्याची नाही. ती दहा मिनिटे ज्या गोष्टीवर खर्च झाली ती गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती, ही अडचण आहे. 150 सीसीवरून उठून तिप्पट ताकदीच्या कोणत्याही गाडीवर बसलात तर ती ओढणारच. दोन्ही गाड्या छान वाटल्या यात नवल नाही. टेस्ट राइडमध्ये शोधायचे ते वेगळे : या गाडीत आपल्याला सलणारी अशी कोणती गोष्ट आहे, जी नंतर पैसे देऊनही बदलता येणार नाही?

बदलता येणाऱ्या गोष्टींची यादी बरीच मोठी असते. हँडल थोडे उंच करता येते, लीव्हर जवळ आणता येतात, सीट भरून किंवा कापून घेता येते, काच बदलता येते, टायर तर कधीतरी बदलावेच लागतात. बदलता न येणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. इंजिनाच्या थरथरीचा स्वभाव, उष्णता अंगावर कोठे येते, वजन किती उंचीवर आहे, हळू वेगात थ्रॉटल (वेगासाठी फिरवायची उजवी मूठ) किती शहाण्यासारखा वागतो आणि सीट व फूटरेस्ट यांतील अंतर आपल्या गुडघ्यांना मानवते का, एवढ्याच त्या. फूटरेस्टची जागा काही गाड्यांवर हलवता येते, पण तो खटाटोप सहसा कोणी करत नाही, म्हणून मी ते अंतर याच यादीत धरतो.

अर्थात बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. रोज गर्दीतून जाणाऱ्याला उष्णता आणि क्लच महत्त्वाचे, तर महिन्यातून दोनदा लांब जाणाऱ्याला थरथर आणि वारा महत्त्वाचा. आपला वापर आपण लिहिलेला नाही, त्यामुळे पुढील मुद्द्यांना कमी-अधिक महत्त्व आपणच द्यावे. परवाना, विमा आणि नुकसानभरपाई यांचे नियमही जागोजागी वेगळे असतात. त्याबद्दल पुढे बोलतो.

एक चूक माझी स्वतःची सांगतो. मेकॅनिक म्हणून काम करत असतानाच मी एक गाडी सात मिनिटांच्या फेरीवर पसंत केली होती. मोकळ्या रस्त्यावर दोनदा जोरात पळवली, इंजिनाचा आवाज मनात भरला आणि निर्णय झाला. पहिल्या लांब प्रवासात पाऊण तासानंतर उजव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर झाली. त्या गाडीची थरथर इंजिनाच्या नेमक्या त्याच फेऱ्यांवर (इंजिन मिनिटाला जितक्या वेळा फिरते त्या आकड्यावर) सर्वाधिक होती, ज्या फेऱ्यांवर ती मला हव्या असलेल्या वेगाने धावत असे. मी मऊ ग्रिप लावल्या, हँडलच्या टोकांना वजने बसवली, इंजिनाचे बोल्ट सैल करून पुन्हा क्रमाने आवळले. फरक पडला, पण त्रास गेला नाही. जोरात पळवताना फेऱ्या सतत चढत होत्या, त्यामुळे त्या त्रासदायक टप्प्यातून मी प्रत्येक वेळी दोन सेकंदांत पुढे निघून गेलो होतो. इतकी वर्षे इंजिने उघडणाऱ्या माणसाकडून हे व्हावे याचे मला आजही हसू येते.

आता कामाचे बोलू. पहिली दहा-पंधरा मिनिटे इंजिन सुरू न करता शोरूममध्येच घालवावीत. हा वेळ फेरीच्या दहा मिनिटांत मोजला जात नाही आणि सहसा कोणी हरकतही घेत नाही. नेहमीचे बूट घालून जावे, कारण तळव्याच्या जाडीने एक-दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो आणि आपल्या उंचीला तो जाणवेल. गाडीवर बसल्यावर तिला स्टँडवरून सरळ करावे, दोन्ही पाय टेकतात का आणि टेकले तर पंजे टेकतात की टाचाही, हे पाहावे. माहितीपत्रकातील सीटच्या उंचीवर फार विसंबू नये. 790 मिलिमीटर उंचीची पण पुढून रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय जमिनीपासून दूर ठेवते. 820 मिलिमीटरची पण टाकीजवळ निमुळती सीट त्याच माणसाला सोपी जाते. शिवाय आपल्या वजनाने स्प्रिंग किती दबते यावर प्रत्यक्ष उंची ठरते. 55 किलोच्या आणि 90 किलोच्या माणसासाठी तीच गाडी एकाच उंचीची नसते.

त्यानंतर खाली उतरून गाडी ढकलावी. ती दहा पावले पुढे न्यावी, दहा पावले मागे आणावी, हँडल पूर्ण वळवून अर्धे वर्तुळ काढावे, साइड स्टँडवर लावून पुन्हा उचलावी आणि मेन स्टँड असेल तर त्यावर चढवून पाहावी. माझ्या अनुभवात हे कोणीही आपणहून करत नाही आणि पश्चात्ताप मात्र येथूनच सुरू होतो. एक गृहस्थ उंच, लांबच्या प्रवासाची, मोठी गाडी घेऊन गेले होते. फेरीवर ते इतके खूश होते की त्यांना हेल्मेट काढण्याचे भान नव्हते. दोन महिन्यांनी ते गाडी विकायला आले, कारण त्यांच्या घरासमोरची जागा उताराची होती आणि रोज सकाळी ती गाडी चढावर मागे ओढणे त्यांना एकट्याने जमत नव्हते. गाडीत दोष काहीच नव्हता. त्यांनी ती शोरूममध्ये पाच पावले मागे ओढून पाहिली असती तर त्यांना तेथेच कळले असते.

ढकलताना एक गोष्ट विसरू नये. डेमो गाडीच्या टाकीत बहुधा दोन-तीन लिटरच पेट्रोल असते. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे 18 लिटरची टाकी पूर्ण भरली की गाडी त्याहून 11 ते 12 किलोंनी जड होते आणि हे वजन गाडीच्या सर्वांत उंच भागात बसते. रिकामी टाकी असतानाच गाडी तोलायला जेमतेम जमत असेल तर ती भरल्यावर जमणार नाही, असे समजावे. माहितीपत्रकात दिलेले वजन कोरडे आहे की पेट्रोल, तेल आणि पाण्यासह आहे, हेही विचारून घ्यावे. दोन गाड्यांची तुलना करताना येथे नेहमी गोंधळ होतो.

निघण्यापूर्वी गाडी आपल्या मापाची करून घ्यावी. डेमो गाडी आदल्या माणसाच्या हातापायांसाठी लावलेली असते आणि तिच्यावर तशीच फेरी मारणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून अक्षरे तपासण्यासारखे आहे. ब्रेक लीव्हरला बहुतेक मोठ्या गाड्यांवर अंतर जुळवण्याची छोटी चकती असते, क्लचलाही असू शकते. आपली बोटे ताणली न जाता लीव्हरवर वळतील इतके अंतर ठेवावे. आरसे लावावेत. गिअरचा दांडा बुटाखाली नीट येत नसेल तर सांगावे. मेकॅनिकला ते पाच मिनिटांचे काम आहे. टायरमधील हवेबद्दल मात्र नम्रपणे पण आग्रहाने विचारावे. प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीची हवा कमी झालेली असते किंवा कोणीतरी अंदाजाने जास्त भरलेली असते. कमी हवेची गाडी वळणात जड आणि आळशी वाटते, जास्त हवेची खड्ड्यात आदळते, आणि दोन्ही वेळा बोल लागतो तो गाडीच्या मूळ रचनेला. योग्य आकडा सहसा चेनजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. टायर अगदी नवे असतील तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण आलेली नसते, हेही ध्यानात ठेवून वळणात बेताने झुकावे.

आता प्रत्यक्ष फेरी. पहिल्या मिनिटात गाडीबद्दल कोणतेही मत बनवू नये. आठ वर्षे एका गाडीची सवय झालेल्या शरीराला दुसरे काहीही विचित्रच वाटते. शोरूमच्या फाटकातून बाहेर वळताना सर्वाधिक सावध राहावे. माझ्या काळात ज्या डेमो गाड्या पडल्या त्यांतील बऱ्याचशा तेथेच, चालण्याच्या वेगात, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे पडल्या.

त्यानंतरची तीन-चार मिनिटे जाणीवपूर्वक हळू चालवण्यासाठी ठेवावीत. दुसऱ्या गिअरमध्ये 15 ते 20 किलोमीटर वेगाने गाडी स्थिर धावू द्यावी, थ्रॉटल पूर्ण बंद करावा आणि पुन्हा केसभर उघडावा. हे पाच-सहा वेळा करावे. काही गाड्या या क्षणी गुळगुळीत राहतात आणि काही झटका देतात, जणू मागून कोणी टपली मारली. इंधनाचे मिश्रण, थ्रॉटलची जुळणी आणि चेनचा ढिलेपणा यांचा तो एकत्रित परिणाम असतो. चेन जास्त सैल असेल तर झटका वाढतो, म्हणून गाडी नाकारण्यापूर्वी चेनकडे एकदा पाहावे. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना चेनच्या मधोमध साधारण 25 ते 35 मिलिमीटर वर-खाली हलण्याइतका खेळ अपेक्षित असतो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. चेन ठीक असूनही झटका येत असेल आणि गाडीला वेगवेगळे मोड असतील तर पावसासाठीचा सौम्य मोड लावून पुन्हा पाहावे. तेथेही झटका राहिला तर गर्दीत ही गाडी आपल्याला रोज थकवणार आहे.

त्याच वेगात एक पूर्ण वळसा घ्यावा, दोन्ही बाजूंना. हँडल किती वळते यात गाड्यागाड्यांत मोठा फरक असतो. शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांचे हँडल एका बाजूला तीस अंशांच्याही अलीकडे अडते, तर सरळ हँडलच्या गाड्या चाळीस अंशांच्या आसपास जातात. जेथे आपण आजवर एका दमात गाडी वळवत आलात तेथे आता दोनदा पुढे-मागे करावे लागेल का, हे या एका वळशात समजते.

थरथरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते दहा मिनिटांत मिळणारी सर्वांत मौल्यवान माहिती हीच आहे. प्रत्येक इंजिनाचा थरथरण्याचा स्वभाव त्याच्या रचनेत असतो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जाताना गाडीला हलवतो. बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधण्यासाठी बसवलेला फिरता वजनदार दांडा, ते बरेच कमी करतो, पूर्ण घालवत नाही. 1930च्या दशकातील ट्रायम्फ स्पीड ट्विनपासून पुढे अनेक दशके चाललेल्या पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरांच्या) इंजिनांत दोन्ही पिस्टन बरोबरीने वर आणि बरोबरीने खाली जात, त्यामुळे त्यांची थरथर एका मोठ्या सिलिंडरसारखीच असे. आज लोकप्रिय असलेल्या 270 अंशांच्या क्रँकमुळे (क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा), जी यामाहाने 1990च्या दशकात टीआरएक्स850 वर आणली, पॅरलल ट्विनचे धडधडणे 90 अंशांच्या व्ही-ट्विनसारखे (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखे) होते. अशा 90 अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, उदाहरणार्थ डुकाटीच्या इंजिनांत, मुख्य असंतुलन जवळजवळ नाहीसे होते. एका ओळीतल्या चार सिलिंडरांचे इंजिन खालच्या फेऱ्यांवर लोण्यासारखे असते, पण क्रँकच्या दुप्पट वेगाने होणारी बारीक थरथर त्यात शिल्लक राहते. मिनिटाला 5000 फेऱ्यांना ती सेकंदाला 165च्या वर स्पंदने इतकी होते आणि हाताला धडधड न जाणवता गुणगुण जाणवते. बोटे बधिर करण्यात ही गुणगुण ठसठशीत धडधडीपेक्षा अनेकदा पुढे असते. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या दोन सिलिंडरांच्या) किंवा मोटो गुझीच्या इंजिनात क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असल्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली की गाडी बाजूला किंचित झुकते. हा दोष नव्हे. मी मात्र एका सद्गृहस्थांना त्यावरून गाडी नाकारताना पाहिले आहे.

हे तपासायचे कसे, तर फेऱ्या वाढवत नेऊ नयेत, थांबवून ठेवाव्यात. आपण लांबच्या प्रवासात ज्या वेगाने जाता त्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन किती फेऱ्यांवर असते, हे सेल्समनला विचारावे किंवा फेरीत पाहून घ्यावे. ठरलेल्या रस्त्यावर तो वेग शक्य नसेल तर खालच्या गिअरमध्ये कमी वेगाने तेवढ्याच फेऱ्या आणता येतात. 4500 असतील तर तिसऱ्या गिअरमध्ये 4500 वर गाडी पूर्ण एक मिनिट धरून ठेवावी आणि लक्ष तीन ठिकाणी ठेवावे : तळहात, फूटरेस्टवरचे पंजे आणि आरसे. आरशातली मागची गाडी ओळखता येण्याइतकी स्थिर आहे का, की नुसता डाग दिसतो? नंतर तेच 500 फेऱ्या वर आणि 500 फेऱ्या खाली करावे. सरळ, मोकळा रस्ता असेल तेव्हाच हे करावे आणि नजर रस्त्यावर ठेवावी. वेगाने पळवल्याशिवाय इंजिन कळणार नाही, या आपल्या शंकेला माझे उत्तर हेच आहे. इंजिनाची कमाल ताकद छापील आकड्यांत आणि परीक्षणांत मिळते, पण ठरावीक फेऱ्यांवर ते आपल्या हातांशी कसे वागते हे कोणीही छापत नाही, आणि त्यासाठी वेगाची गरज नाही.

उष्णता दहा मिनिटांत नीट कळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे लागेल. त्यावर एक तोडगा आहे : आपल्या आधी कोणी फेरी मारून आला असेल तर लगेच तीच गाडी मागावी. इंजिन तापलेले असते. परत आल्यावर गाडी तशीच सुरू ठेवून दोन-तीन मिनिटे बसून राहावे आणि इंजिन थंड करणारा पंखा सुरू होण्याची वाट पाहावी. पंख्याची गरम हवा पोटरीवर येते, मांडीवर येते की बाहेर निघून जाते, हे तेव्हा समजते. जाड जीन्स घातली असेल तर प्रत्यक्षातला चटका त्याहून जास्त असेल असे धरावे.

ब्रेकबद्दल मी फार लिहीत नाही. आजच्या मोठ्या गाड्यांचे ब्रेक पुरेसे असतात. आपल्याला पाहायचे ते एवढेच की दोन बोटांनी हलके दाबल्यावर जोर हळूहळू वाढतो की एकदम झेप घेतो. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) चालते का हे अनोळखी गाडीवर, अनोळखी रस्त्यावर तपासण्याच्या भानगडीत पडू नये. सस्पेन्शनचेही तसेच. गाडी कडक वाटली तर ती मुळातच कडक आहे की आपल्या वजनासाठी लावलेली नाही, हे एका फेरीत ठरवता येत नाही. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते प्रमाण) जुळवता येतो का आणि हातानेच जुळवता येतो की पाना लागतो, एवढे विचारून ठेवावे. एखाद्या ओळखीच्या खड्ड्यावर गाडी कडक वाटते इतकी नोंद ठीक, पण धक्क्यानंतर ती दोन-तीनदा झोके घेते का, हे जास्त महत्त्वाचे आहे.

वाऱ्याची परीक्षा सोपी आहे. काच असलेल्या गाडीवर, साठच्या पुढचा वेग मिळत असेल तर, क्षणभर पाठ ताणून उंच बसावे आणि मग थोडे खाली वाकावे. यांपैकी एका स्थितीत हेल्मेटभोवतीचा गोंगाट एकदम शांत होत असेल तर काचेच्या कडेवरून उसळणारा वारा नेमका आपल्या डोक्यावर येत आहे. ही बदलता येणारी गोष्ट आहे, म्हणून तिच्यासाठी गाडी नाकारू नये.

आपण दोन गाड्यांची तुलना करत आहात, म्हणून क्रमाबद्दलही सांगतो. दोन्ही फेऱ्या शक्यतो एकाच दिवशी घ्याव्यात आणि शोरूमपर्यंत आपल्याच जुन्या गाडीवर जावे. एका गाडीवरून उतरून दुसऱ्या गाडीवर बसले की दुसरीचे गुणदोष पहिलीच्या तुलनेत फुगतात. मध्ये आपली जुनी गाडी चालवली की मोजपट्टी पुन्हा शून्यावर येते. एका दिवसात तीनपेक्षा जास्त गाड्या घेतल्या तर संध्याकाळी कशाचेच काही आठवत नाही. मागे नेहमी कोणी बसणार असेल तर त्या व्यक्तीला सोबत न्यावे. नियमांमुळे फेरीत बसवता आले नाही, तरी उभ्या गाडीवर पाच मिनिटे बसवून गुडघे किती दुमडतात हे विचारावे. आपण कितीही अभ्यास केला असला तरी हा निकाल मागच्या सीटवरूनच लागतो.

आतापर्यंतचे दोन ओळींत : उभ्या गाडीवर पंधरा मिनिटे, हळू वेगात चार, ठरावीक फेऱ्यांवर तीन, उरलेल्या वेळात गाडी हवी तशी चालवावी आणि शेवटी पंखा सुरू होईपर्यंत बसून राहावे. एवढ्यासाठी दहा मिनिटांची फेरी पुरते.

तरीही जास्त वेळ मागणे गैर नाही. तो कसा आणि केव्हा मागतो यावर सारे अवलंबून असते. सुट्टीच्या दिवशी, रांगेत चार जण असताना, ‘अर्धा तास द्या’ म्हटल्यावर मीही नाही म्हणत असे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, शोरूम उघडल्यावर तासाभरात, आधी फोन करून, स्वतःचे हेल्मेट, हातमोजे आणि परवाना घेऊन आलेला माणूस मात्र गाडीची काळजी घेईल असा विश्वास वाटतो. ‘पहिल्या फेरीत मला थ्रॉटल आणि वळसा पाहता आला नाही, तेवढ्यासाठी पुन्हा हवी आहे’ असे नेमके कारण सांगितले तर दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी मिळते. एकाच लांब फेरीपेक्षा दोन दिवसांच्या दोन छोट्या फेऱ्या मला तरी जास्त उपयोगी वाटतात, कारण दुसऱ्या दिवशी पहिली हुरहूर ओसरलेली असते.

अप्रामाणिकपणाचे म्हणाल, तर खरेदी पक्की नसताना टेस्ट राइड मागणे हाच तिचा उद्देश आहे. पक्की झाल्यावर ती घेऊन काय करणार? फक्त खरे सांगावे : दोन गाड्या पाहत आहे, दुसरी अमुक आहे, तीन महिन्यांत निर्णय घेणार आहे. चांगला सेल्समन यावर नाराज होत नाही, उलट कामाची माहिती देतो. घ्यायचीच नाही हे मनाशी ठरलेले असताना केवळ मौज म्हणून गाडी पळवून आणणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपला प्रश्न वाचून आपण त्यातले वाटत नाही.

निघण्यापूर्वी ज्या कागदावर सही घेतात तो मात्र वाचावा. गाडी पडली तर नुकसान कोणी भरायचे, विमा डेमो फेरीला लागू आहे का, असल्यास सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार आणि आपला परवाना या क्षमतेच्या गाडीला चालतो का, या चार गोष्टींची उत्तरे तोंडी न घेता कागदावर पाहावीत. लोक घाईने सही करतात आणि तुटलेल्या लीव्हरवरून नंतर वाद घालतात. अशा वादांत मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे आणि कागद वाचलेला माणूस वादात क्वचितच सापडतो.

आपण ओझरते विचारले आहे की त्याच शोरूममधील वापरलेली गाडी घेतली तर काय वेगळे पाहावे. बाकी तपासणी हा स्वतंत्र विषय आहे, पण एक नियम अगदी उलटा होतो : नवीन डेमो गाडी तापलेली हवी, वापरलेली गाडी थंडगार हवी. पोहोचल्याबरोबर इंजिनाच्या केसिंगजवळ हात नेऊन पाहावे. आपण येण्यापूर्वी कोणी ती सुरू करून ठेवली असेल तर थंड असताना सुरू होण्यातली अडचण, सुरुवातीचा धूर आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातली खडखड, हे सारे आपल्यापासून लपलेले आहे. मी अशा वेळी दुसऱ्या दिवशी न कळवता जातो.

फेरी संपली की सेल्समनशी बोलण्यापूर्वी बाजूला जाऊन पाच ओळी लिहून काढाव्यात : हात, पाय, पाठ, उष्णता, हळू वेग. त्याचे बोलणे सुरू झाले की आपल्या स्वतःच्या नोंदी पुसट होऊ लागतात. मी स्वतः ते काम केलेले असल्यामुळे हे ठामपणे सांगू शकतो. त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊ नये.

आणि एखाद्या शोरूममध्ये फेरी देतच नसतील, किंवा आगाऊ रक्कम भरल्याशिवाय देणार नाही म्हणत असतील, तर ती रक्कम परत मिळण्याची अट लेखी आहे का ते पाहावे. नसेल तर तो व्यवहार सोडावा. त्या स्थितीत तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने मिळते का याची चौकशी करावी. दिवसभरात दोनशे किलोमीटर चालवून जे कळते ते कोणत्याही शोरूमच्या फेरीत कळत नाही, आणि चुकीची गाडी घेऊन वर्षभराने तोट्यात विकण्याच्या मानाने ते भाडे किरकोळ असते. भाड्यानेही मिळत नसेल तर निदान कोणा मालकाच्या उभ्या गाडीवर अर्धा तास बसावे, ती ढकलून पाहावी आणि त्याला एकच प्रश्न विचारावा : लांबच्या प्रवासात सर्वांत आधी तुमचे काय दुखते?